राहणाऱ्यांची संख्या

१७ नोव्हेंबर १९७४, रविवार

दोन सायकल-रिक्षांतून माझे सर्व सामान आज सकाळी प्रताप नगरातील भूखंडावर सुखरूप पोहोचले. एकोणतीस वर्षे सांगलीत गणित शिकविलेल्या माणसाचे सामान दोन रिक्षांत मावते, याचे रिक्षावाल्यांस आश्चर्य वाटले. मला वाटले नाही. हवा कोरडी व स्वच्छ आहे. भूखंडाच्या मागील बाजूस एका खोलीचे आउटहाउस आधीच बांधून घेतले होते. त्याच्या अर्ध्या भागात परमिटवर मिळालेल्या सिमेंटच्या गोण्या आहेत, उरलेल्या अर्ध्यात मी. शेजार विरळ आहे. पूर्वेस एक मोठे कडुनिंबाचे झाड व त्यापलीकडे तुरीचे शेत. मन प्रसन्न आहे, असे लिहावयास हरकत नसावी.

हे घर प्रेमिलेचे आहे. नागपूर तिचे माहेर. म्हातारपणी आपण माझ्या गावी राहू, एवढा एकच आग्रह तिने सव्वीस वर्षांच्या संसारात धरला. नकाशा आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर आलेख-कागदावर काढला. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला हवी, हे तिने ठरविले, बाकीचे मी. नकाशा मंजूर होऊन आला त्याच्या अकराव्या दिवशी ती गेली. त्यास आता चौदा महिने झाले. येथील एका महाविद्यालयात मला तासिका मिळाल्या आहेत. घर मंजूर नकाशाप्रमाणे, तंतोतंत, पुरे करावयाचे आहे.

२० नोव्हेंबर

बांधकाम-परवान्याच्या कचेरीतील ओव्हरसिअर श्री. चंपतराव रामटेके सायकलवरून आले. पस्तिशीचे, काटक, बोलण्यात स्पष्ट. त्यांनी सांगितले की एकूण चार तपासण्या होतील. पहिली आज, आखणीची: चुन्याच्या रेघा हद्दीपासून ठरल्या अंतरावर आहेत की नाहीत. दुसरी जोत्याची. तिसरी स्लॅब ओतण्यापूर्वी लोखंडाची. चौथी घर पूर्ण झाल्यावर; तीत राहणाऱ्यांची संख्या नोंदवून भोगवट्याचा दाखला मिळतो, आणि तोपर्यंत मुख्य घरात राहण्यास मनाई असते. चारही वेळा पाहावयाचे एकच, ते म्हणाले: जे कागदावर आहे तेच जागेवर आहे का.

एक रेघ चार बोटे आत होती. मिस्त्री रामाजी म्हणाला, चार बोटांनं काय होते साहेब, देवाले दिसते थोडीच. त्यावर रामटेके म्हणाले की देवाचं मला विचारू नको, माझ्या बापानं छप्पन्न सालीच ते सारं सोडलं. मी टेप तेवढा धरला आहे, आणि टेपाला दिसते. रेघ पुसून पुन्हा मारली. मला हा गृहस्थ आवडला.

बांधकामाची तारीखवार नोंद ठेवा, वाद उद्भवत नाहीत, असे त्यांनीच सुचविले. म्हणून ही वही.

२२ नोव्हेंबर

आज भूमिपूजन झाले. पूजेस दांपत्य बसावे लागते. भटजींनी सुचविले की ओळखीचे एखादे जोडपे बसवावे. येथे माझ्या ओळखीचे कोणी नाही. मी त्यांस स्मरण दिले की पत्नी उपस्थित नसल्यास यजमानाने कनवटीला सुपारी लावावी व तीच पत्नी मानावी, असा प्रघात आहे. भटजी कान खाजवीत म्हणाले की तो प्रघात बायको माहेरी गेली असेल तर आहे. वारली असेल तर नव्हे. मी विचारले की नागपूर हे जर तिचे माहेर आहे, तर ती माहेरी नाही असे कोणत्या आधारावर म्हणावयाचे? भटजींस अकरा वाजता हिंगण्याला दुसरा मुहूर्त गाठावयाचा होता. त्यांनी वाद वाढविला नाही.

संकल्पात तिचे नाव घेतले. चौदा महिन्यांनंतर ते प्रथमच मोठ्याने उच्चारले गेले.

भटजी घाईने निघून गेल्यावर ध्यानात आले की सुपारी कनवटीलाच राहिली आहे. ती तिच्या घराच्या पायात असावी हे मला उचित वाटले. जेथे पुढे स्वयंपाकघर होणार त्या कोपऱ्यातील खड्ड्यात मी ती ठेवली आणि रामाजीने वर काँक्रीट ओतले. रामाजीच्या हाताखालची मजूर प्रयागबाई घमेले घेऊन उभी होती; ती माझ्याकडे पाहत राहिली.

२९ डिसेंबर

जोत्याची तपासणी झाली. रामटेक्यांनी कर्ण मोजून चारही कोपरे काटकोनात असल्याचे पाहिले. टेप गुंडाळताना सहज विचारले की वहिनी केव्हा आल्या. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाठमोऱ्या बसलेल्या दिसल्या. मी सांगितले की ती प्रयागबाई असेल. ते गेल्यावर आठवले की प्रयागबाई आज लेकीकडे सक्करदऱ्याला गेली आहे.

१९ जानेवारी १९७५

भिंती खिडकीच्या उंचीला आल्या. भिंतींवर दिवसातून तीन वेळा पाणी मारावे लागते; येथे त्यास तराई म्हणतात. सकाळची तराई मी स्वतः करतो. हात गारठतात, परंतु वेळ जातो. महाविद्यालयात माझ्याशी कोणी कामाशिवाय बोलत नाही. मीही बोलत नाही.

आज पाणी मारताना प्रेमिलेची आठवण झाली. पहाटे स्टोव्ह पेटविताना ती मंद स्वरात काहीतरी गुणगुणत असे. त्या स्वराने मी जागा होत असे.

२१ जानेवारी

रामाजी आज प्रयागबाईला चिडवीत होता की म्हातारपणी गाणे सुचून राहिले का वं तुले, सकाळपासून चूल नाही तिथी गुणगुणून राहिली. प्रयागबाई संतापली. तिने ऐकविले की मी रेती चाळून राहिली होती गा, कान धुऊन घे आपले. तो आवाज मीबी ऐकला.

मी स्वयंपाकघराच्या जागी जाऊन उभा राहिलो. मंद स्वर. डोक्यावर छत नाही, तीन भिंती कमरेएवढ्या, त्यांच्यामध्ये तो स्वर. किती वेळ उभा होतो हे सांगता येणार नाही. बूट ओले झाले.

९ मार्च

स्लॅबपूर्वीची तपासणी. रामटेक्यांनी सळ्यांमधील अंतर मोजले, दोन ठिकाणी तार पुन्हा बांधावयास लावली. नंतर मला बाजूस घेऊन थोड्या नाराजीने म्हणाले की वहिनींना सांगा, सेंटरिंगखाली असं उभं राहू नये, टेकूची बल्ली सरकली तर जीव जाईल. आणि एवढं बोलावलं तरी मागे वळून पाहिलं नाही त्यांनी.

मी “सांगतो” म्हणालो. खोटे बोललो असे मला वाटले नाही.

१६ मार्च

आता संध्याकाळी दिवा लावण्यापूर्वी या वहीच्या मागील पानांवर तिच्याविषयी रोज एक ओळ लिहितो. तिच्या हातात दोन काचेच्या व एक चांदीची बांगडी असे. लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशी बांगड्या वाजल्या. ती पदर कमरेला उजवीकडे खोचीत असे. केसांना शिकेकाईचा वास येई. काल स्वयंपाकघरात, जेथे केवळ ओल्या सिमेंटचा वास यावयास हवा, तेथे तो होता. मी दाराशी खुर्ची टाकून बसलो व विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. कोणी बोलत नसले तरी कोणी असणे किती वेगळे असते, हे मी विसरलो होतो.

२ एप्रिल

प्रयागबाईने आज स्वयंपाकघरात पाऊल ठेवण्यास नकार दिला. मी कारण विचारता ती म्हणाली, “सर, राग नका मानू. पाहुनी बोलावली, तिले पाट देल्ला, अन जा म्हनायचं विसरले तुमी. सुपारी उठवा लागते. पान्यात सोडा लागते.” मी म्हणालो की ती पाहुणी नव्हे, माझी पत्नी आहे. तिने मान हलविली. म्हणाली की नावानं हाक मारली म्हनून नाव तेवढं घेऊन कोनीबी येते. “तिले दुसरं काही माहीत नाही. तुमी जे सांगान, तेच ते शिकन.”

अशिक्षित स्त्रीच्या बोलण्याचा इतका विचार मी करावयास नको.

५ एप्रिल

प्रेमिला गुणगुणत नसे.

हे तीन दिवस मनात आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. तिला दमा होता. सकाळी तिला दहा मिनिटे खोकला येई, आणि मी उशीत डोके खुपसून तो थांबण्याची वाट पाहत असे. गुणगुणण्याचे वाक्य मी त्या दिवशी लिहिले ते केवळ वाचावयास बरे वाटले म्हणून.

मग तेथे गुणगुणते ते कोण?

८ एप्रिल

रामटेके भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करतात. गिलावा आतून पोकळ असेल तर आवाजात कळते. मीही तसेच करावयाचे ठरविले आहे. उद्या स्वयंपाकघरात सिमेंटचा कोबा होईल व रात्रभर ओला राहील. मी पुढील वाक्य हेतुपुरस्सर लिहितो. ते असत्य आहे.

प्रेमिला लंगडत असे. चालताना उजवा पाय ओढीत असे.

१० एप्रिल

कोब्यावर पावले आहेत. अनवाणी. डावे पाऊल स्वच्छ उमटले आहे. उजव्याच्या जागी दारापासून खिडकीपर्यंत एक लांब ओरखडा आहे.

रामाजीने ते पाहिले. थापी पुसली, पिशवीत ठेवली आणि गेला.

११ एप्रिल

प्रेमिला लंगडत नसे. तिची चाल सरळ होती. तिचे दोन्ही पाय व्यवस्थित होते. मी लिहिलेले चुकीचे होते, ते मी रद्द करीत आहे.

१२ एप्रिल

रद्द होत नाही. पाय ओढल्याचा आवाज दुपारभर येत होता. बांधलेले पाडता येते, पण न बांधलेले करता येत नाही. मी तिला — त्याला — लंगडे केले.

२३ एप्रिल

अकरा दिवस वही कुलपात ठेवली होती. मी न लिहिल्यास ते नाहीसे होईल असा तर्क होता. तसे घडले नाही. ते आता घरातून बाहेर येऊन आउटहाउसच्या दाराशी थांबते. मी परत येतो तेव्हा टेबलापाशी असते. पाठमोरे. बांगड्या वाजत नाहीत, गुणगुण नाही. केवळ वाट पाहणे. वर्गात फळ्याकडे वळलो असता पाठीमागे विद्यार्थी जसे थांबतात, तसे.

रामाजीने कळविले की उरलेला गिलावा त्याचा भाऊ करील, बाहेरून.

३० एप्रिल

ती प्रेमिला नव्हे, हे मी आता सिद्ध करू शकतो. जे मी येथे लिहिले नाही ते तिला ठाऊक नाही. मी सांगलीच्या घराच्या मालकिणीचे नाव विचारले, उत्तर नाही. आमच्या लग्नाची तिथी विचारली, नाही. प्रेमिला सांगलीत माझ्यासारखेच शुद्ध बोले. सव्वीस वर्षांत केवळ फार संतापली असता तिच्या तोंडून तिच्या माहेरचा शब्द निघे, “काहून”, म्हणजे “का”. दवाखान्यात शेवटच्या दिवशी, मी उत्तरपत्रिका बरोबर घेऊन गेलो होतो तेव्हा, ती तेवढेच म्हणाली. हे मी कोणासही सांगितलेले नाही, आणि म्हणून ते तिला —

हे लिहावयास नको होते.

३० एप्रिल, थोड्या वेळाने

माझ्या मागून. अगदी जवळून.

“काहून?”

८ मे

अंतिम तपासणी. रामटेक्यांनी मोरीत बादली ओतून उतार पाहिला, गच्चीवर पाणी साचते का पाहिले, खिडक्या उघडून मिटून पाहिल्या, भिंती वाजविल्या. सर्व मंजूर नकाशाप्रमाणे. शेवटी स्वयंपाकघर. मी दाराबाहेर थांबलो. ते आत “वहिनी, जरा बाजूला व्हा” म्हणाले. नंतर टेप खाली पडल्याचा आवाज.

बाहेर येऊन ते दोन लोटे पाणी प्याले. मग म्हणाले, “सर, घराचं काम पक्कं आहे. त्या बाईंची पुढची बाजू राहिली आहे.”

मला समजले. या वहीत चाल आहे, बांगड्या आहेत, पदर आहे, वास आहे. चेहऱ्याविषयी एक अक्षर नाही.

राहणाऱ्यांच्या संख्येचा रकाना त्यांनी कोरा ठेवला. बारा तारखेस सकाळी येतो, म्हणाले. एक सांगाल तर एक लिहीन, दोन सांगाल तर दोन. सायकलवर बसल्यावर पुन्हा उतरले. प्रयागबाईने सुपारीचे त्यांस सांगितले आहे. “मी असलं मानत नाही, सर. पण काढा.”

टेप आतच राहिला. आणून देऊ का विचारले. नको म्हणाले.

९ मे

पहाटे कुदळ घेऊन गेलो. कोपऱ्यातील कोबा फोडला, हातभर खाली गेलो. वही उघडल्यापासून परतलेली गुणगुण प्रत्येक घावासरशी क्षीण होत गेली. मग थांबली. बांगड्या थांबल्या. शिकेकाईचा वास गेला.

घर रिकामे झाले. पूर्ण रिकामे. प्रेमिला गेल्यावर मी दवाखान्यातून परतून कुलूप उघडले होते त्या सकाळसारखे. आणखी वीतभर खणावयाचे होते.

मी कुदळ खाली ठेवली.

तास झाला असेल. मग दाराकडून पाय ओढल्याचा आवाज आला आणि मी — हे लिहिताना शरम वाटते — मी रडलो, आनंदाने.

१० मे

विचार केला. तिचा दोष कोणता? मी शिकविले ते ती शिकली. चूक शिक्षकाची. योग्य तेच लिहिले, तंतोतंत, तर योग्य तेच होईल. पुढची बाजू पुरी करावी. मग ती वळेल. समोर बसेल. मी दोन सांगेन.

छायाचित्र एकच आहे, पुतणीच्या बारशाचे. त्यात नेमकी त्या क्षणी तिने मान वळविली. चेहऱ्याच्या जागी पांढरट पट्टा आहे.

हरकत नाही. मला सर्व आठवते.

११ मे

सकाळपासून बसलो आहे. प्रारंभ होत नाही. प्रत्येक वाक्य लिहिण्यापूर्वी मनात तपासतो, आणि — चूक झाली तर रद्द होत नाही. ती चूक आयुष्यभर माझ्यासमोर बसेल.

ती खुर्चीमागे आहे. ऊन वाढले. पाणी पिण्यास उठलो नाही.

१२ मे, सकाळ

फाटकाशी सायकलची घंटा. रामटेके. हाक मारीत आहेत. आत या म्हणत नाही. आधी पुरे करावयाचे.

कपाळ रुंद. कुंकू — आडवी चिरी. नव्हे, गोल — चिरी. चिरीच.

भुवया

नाक तिच्या बहिणीचे डोळ्यांपुढे येते. तिचे — सरळ. सरळ असावे.

ती वाकली आहे. खांद्यावरून वाचते आहे. केस माझ्या हातावर पडले आहेत. श्वास नाही. श्वासाविषयी लिहिले नव्हते.

डोळे. सव्वीस वर्षे जेवताना समोर — मी वर्तमानपत्र — डोळे

मला आठवत ना— हे लिहू नये, हे लिहिले तर तिला ते कधीच —

डोळे होते. दोन. ते